गाडी, मामी आणि मी दिलेला सल्ला

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. विषय गाडीचा आहे, पण ज्यांना गाड्यांमध्ये काडीचा रस नाही त्यांनीही वाचावं ही विनंती. नातेवाईक मंडळींना निम्मी गोष्ट माहीत आहेच. उरलेली निम्मी, म्हणजे त्यात माझी चूक किती होती, ती आज सांगून टाकतो.

माझं आजोळ बिडकीनजवळचं. औद्योगिक वसाहतीसाठी तिथल्या ज्या जमिनी गेल्या, त्यात मामाचीही गेली. त्याआधी मोसंबीची बाग होती. २००३ साली मोसंबीच्या पैशातून मामाने क्वालिस घेतली होती आणि तिचं कौतुक इतकं, की पावसाळ्यात तिच्यासाठी गोठ्याची एक बाजू मोकळी करून दिली होती. २०१२-१३ च्या दुष्काळात बाग वाळली. टँकर लावून जगवायचा प्रयत्न केला, पण शेवटी झाडं तोडावी लागली. मग जमिनीचे पैसे आले. मामा शहाणा माणूस. थोडी जमीन दुसरीकडे घेतली, थोडे बँकेत ठेवले आणि क्वालिस तशीच चालवत राहिला. २०१९ मध्ये मामा गेला. २०२१ मध्ये दादाने, म्हणजे माझ्या मामेभावाने, मला फोन केला, "तू क्वालिटीतला माणूस. मोठी गाडी घ्यायचीय. कोणती घेऊ?"

मी वाळूजला एका सुट्या भागांच्या कारखान्यात पंचवीस वर्षं क्वालिटी विभागात काढली आहेत. नापास झालेला माल बघणे हाच माझा धंदा. अशा माणसाने खरं तर सावध सल्ला द्यायला हवा होता. पण मी काय केलं? चार रात्री माहितीपत्रकं वाचली, दोन शोरूम पालथ्या घातल्या आणि दादाला सांगितलं, "आता घेतोच आहेस तर सगळ्यात नवीन तंत्रज्ञानाची घे." चारी बाजूंचे कॅमेरे, हवेवर उचलली जाणारी सस्पेन्शन, दारापासून दारापर्यंत पडदा, स्वतः ब्रेक मारणारी यंत्रणा. नाव सांगत नाही, सांगण्यात अर्थही नाही. युरोपातली, भारी, डिझेलवरची एसयूव्ही एवढं पुरे. पंचाहत्तर लाखांच्या पुढे गेली. बापाच्या जमिनीचे पैसे होते ते, हे मला तेव्हा जितकं कळायला हवं होतं तितकं कळलं नाही.

आता आपल्या शहराला भारी गाडीचं अप्रूप नवं नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या लोकांनी एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, आठवतंय ना? तेव्हाचं औरंगाबाद. साधारण ६५ कोटींचा सौदा, त्यातला मोठा हिस्सा स्टेट बँकेच्या कर्जाचा. बाहेरची मंडळी हसली, काहींनी टीका केली, पण घेणाऱ्यांचं म्हणणं असं की ह्या शहराकडे कुणी बघत नाही, निदान आता बघतील. आणि बघितलंही. शिवाय शेंद्र्याला २००१ पासून स्कोडा आणि पुढे २००७ पासून ऑडीच्या गाड्या जुळवल्या जाऊ लागल्या होत्या. म्हणजे ज्या गावात एके काळी बजाजची स्कूटर हाच गाडीचा अर्थ होता, तिथे जालना रोडवर भारी गाड्या दिसणं दहा वर्षांत अंगवळणी पडलं. दादाने घेतली त्यात मला तरी वावगं काही वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. प्रश्न घेण्याचा नव्हता, कोणती घ्यावी ह्याचा होता.

पहिली तीन वर्षं गाडी सुंदर चालली. इथे तिच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. एका हिवाळ्यात रात्री साडेनऊच्या सुमारास दादा पैठणहून येत होता. गळिताचा हंगाम, त्यामुळे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. आपल्याकडच्या ट्रॉलीला मागे ना दिवा, ना लाल पट्टी. समोरून येणाऱ्या ट्रकच्या प्रकाशात दादाचे डोळे दिपले आणि त्याच क्षणी गाडीने स्वतः करकचून ब्रेक मारला. थांबल्यावर दिसलं, काचेच्या पुढे हातभर अंतरावर उसाची टोकं लोंबत होती. दादाने दुसऱ्या दिवशी मला फोन करून फक्त एवढंच सांगितलं, "तुझ्या सल्ल्याने वाचलो बघ." मी आठवडाभर हवेत होतो.

त्यानंतर मामीची किडनी. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, शहरातल्या हॉस्पिटलात. जायला वीस-पंचवीस किलोमीटर, तिथे चार तास, परत तेवढेच. हे सगळं ह्याच गाडीतून. ड्रायव्हर ते चार तास गाडी बंद करत नसे, एसी लावून बसे. उन्हाळ्यात बेचाळीस डिग्रीला त्याला तरी काय म्हणणार?

आता थोडं तांत्रिक. कंटाळू नका, लवकर आटोपतो. एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-सहा नियम आले. डिझेल गाडीच्या धुरातली काजळी एका जाळीत अडकवतात. ती जाळी साफ व्हायला गाडी अधूनमधून हमरस्त्यावर चांगली तापावी लागते. नुसती उभी राहून गुरगुरणारी गाडी जाळी भरत जाते. शिवाय बऱ्याच मोठ्या डिझेल गाड्यांत धुरातला विषारी वायू मारायला युरियाचं एक द्रावण फवारतात, त्याची वेगळी टाकी असते. ते द्रावण संपलं, किंवा धुरातला सेन्सर म्हणाला की काम होत नाहीये, की पडद्यावर उलटी मोजणी सुरू होते. आठशे किलोमीटर, सातशे, सहाशे... शून्यावर आली की चालती गाडी बंद पडत नाही, पण एकदा बंद केली की पुन्हा सुरू होत नाही. हे मुद्दाम आहे बरं का. नाहीतर लोक द्रावण न भरताच वर्षानुवर्षं गाडी पळवतील. नियम करणाऱ्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

जून २०२५ मध्ये दादाच्या पडद्यावर ही मोजणी सुरू झाली. टाकी भरलेली. सर्व्हिस सेंटरने तपासून सांगितलं, सेन्सर गेलाय, मागवावा लागेल, बाहेरून येईल. किती दिवस? सांगता येत नाही. दोन आठवडे गेले. मोजणी थांबत नव्हती आणि मामीच्या फेऱ्याही थांबवता येत नव्हत्या. एका सकाळी अंगणात मामी तयार होऊन बसली, ड्रायव्हरने बटण दाबलं आणि गाडीने नकार दिला. इंजिन ठणठणीत. टायर, बॅटरी, डिझेल, सगळं ठणठणीत. फक्त गाडीचा एका खोटं बोलणाऱ्या सेन्सरवर विश्वास होता आणि समोर उभ्या असलेल्या माणसांवर नव्हता.

मामी काळीपिवळीत बसून शहरात आली. पुढे रिक्षा. सव्वादोन तास उशीर झाला, तिचं मशीन दुसऱ्या पेशंटला दिलेलं होतं. संध्याकाळी सहाला नंबर लागला. तोवर पाय सुजलेले, धाप लागलेली. मी ऑफिसातून धावत गेलो तेव्हा ती बाकावर भिंतीला टेकून बसली होती. मला बघून म्हणाली, "आरं, तुमच्या त्या गाडीला एवढं समदं कळतं, मग माझा वार हाय आज, ते नाही कळलं व्हय तिला?" ती चेष्टेत म्हणाली होती. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

गाडी शेवटी सुरू झाली, पण दादाचं मन उडालं. वॉरंटी संपलेली, मागच्या सस्पेन्शनचा एक फुगा बसू लागलेला. "विकतो आणि दुसरी घेतो. पण ह्या वेळी नीट सांग," तो म्हणाला. 'ह्या वेळी' हे दोन शब्द त्याने साधेपणाने वापरले, मला ते लागायचे तिथे लागले.

मग मी जे चार वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते केलं. माहितीपत्रकं बाजूला ठेवली आणि कारखान्यात जो हिशोब रोज करतो तो मांडला.

हिशोब सोपा आहे. समजा, एक भाग वर्षभर न बिघडण्याची शक्यता ९९.९ टक्के. उत्तम भाग! असे १०० भाग असतील आणि त्यातला एकही बिघडला तरी गाडी अडणार असेल, तर वर्षभर न अडण्याची शक्यता ९० टक्के. असे १००० भाग असतील तर ती येते ३७ टक्क्यांवर. भाग तितकाच चांगला, फक्त संख्या वाढली. भारी गाडीतला प्रत्येक सेन्सर, प्रत्येक मोटर, प्रत्येक कंट्रोल युनिट ह्या गुणाकारात येऊन बसतं. मेख 'अडणार असेल तर' ह्या शब्दांत आहे. सीटची मसाज बंद पडली तर गाडी अडत नाही. पडदा काळा झाला आणि एसी, आरसे, वायपर सगळं त्या पडद्याच्याच पोटात असेल तर अडते. युरोपातल्या युरो एनकॅप संस्थेला हे उमगलेलं दिसतं. २०२६ पासूनच्या त्यांच्या नियमांत पाच तारे हवे असतील तर इंडिकेटर, हॉर्न, वायपर, धोक्याचे दिवे अशा गोष्टींना हाताने चाचपता येणारी बटणं असण्याला महत्त्व दिलंय. म्हणजे बटण ही जुनाट गोष्ट नव्हतीच.

दुसरा हिशोब दुरुस्तीचा. एक गाडी वर्षात दोनदा बिघडते आणि दर वेळी एका दिवसात दुरुस्त होते. दुसरी वर्षात एकदाच बिघडते, पण भाग यायला एकवीस दिवस लागतात. कागदावर दुसरी गाडी जास्त भरवशाची. मामीसाठी? भरवसा म्हणजे किती वेळा बिघडते एवढंच नाही, तर तुमच्या गावात ती किती दिवसांत उभी राहते हेही. क्वालिसचं काम बिडकीनचा मिस्त्री झाडाखाली करायचा. अख्ख्या तालुक्यात तिचे भाग मिळायचे.

पण म्हणून 'जुनं ते सोनं' म्हणून मोकळं होऊ, तर तेही खरं नाही. इथे मी स्वतःलाच दोन उदाहरणं दिली.

एक मर्सिडीजचं. २००० नंतरच्या ई-क्लासमध्ये त्यांनी विजेच्या तारेने चालणारा ब्रेक आणला होता. पेडल दाबलं की संगणक ठरवणार कोणत्या चाकाला किती जोर. मे २००४ मध्ये त्यासाठी ६ लाख ८० हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. मार्च २००५ मध्ये आणखी मोठी, १३ लाख गाड्यांची मोहीम, त्यात ब्रेकसोबत अल्टरनेटर आणि बॅटरीचं नियंत्रणही होतं. २००६ मध्ये ई-क्लासमधून तो ब्रेक काढूनच टाकला. झालं, नवीन तंत्रज्ञान वाईट! पण थांबा. त्याच सुमारास, २००३ मध्ये, टोयोटाच्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्येही इलेक्ट्रॉनिक ब्रेक आला होता आणि आज हायब्रिड, विजेच्या गाड्यांत तसले ब्रेक सर्रास असतात. कल्पना चुकीची नव्हती, पिकायला वेळ लागला. आपल्याकडे आंबा अढीत घालतात तसं. पहिल्या दिवशी चावायला गेलं तर आंबटच लागणार.

दुसरं टोयोटाचं. भरवसा म्हटलं की आपण डोळे मिटून फॉर्च्युनरचं नाव घेतो. ऑस्ट्रेलियात २०१५ ते २०२० मध्ये विकल्या गेलेल्या हायलक्स, प्राडो आणि फॉर्च्युनर अशा सुमारे २ लाख ६४ हजार गाड्यांत हीच धुराची जाळी नीट साफ होत नव्हती, आणि तिथल्या फेडरल कोर्टाने २०२२ मध्ये निकाल ग्राहकांच्या बाजूने दिला. जानेवारी २०२४ मध्ये जपानमध्ये डिझेल इंजिनांच्या ताकदीच्या चाचणीत गडबड निघाली, तेव्हा आपल्याकडेही क्रिस्टा, फॉर्च्युनर, हायलक्स पाठवणं काही दिवस थांबवलं होतं. म्हणजे सोवळं कुणाचंच पूर्ण नाही. नावावर श्रद्धा ठेवणं आणि माहितीपत्रकावर श्रद्धा ठेवणं, दोन्ही सारखंच आळशीपणाचं.

तरी आकडे काही सांगतातच. अमेरिकेत जे. डी. पॉवर ही संस्था तीन वर्षं वापरलेल्या गाड्यांच्या मालकांना तक्रारी विचारते. २०२५ मध्ये दर शंभर गाड्यांमागे सरासरी २०२ तक्रारी होत्या, आणि सगळ्यात कमी, १४०, लेक्ससच्या. आणि तक्रारी जास्त कशाच्या? इंजिनाच्या नव्हे, फोन गाडीला जोडला न जाण्याच्या, पडद्याच्या, सॉफ्टवेअरच्या. कन्झ्युमर रिपोर्ट्सच्या २०२३ च्या पाहणीत विजेच्या गाड्यांना पेट्रोलच्या गाड्यांपेक्षा ७९ टक्के जास्त अडचणी आल्या, पण साध्या हायब्रिडना २६ टक्के कमी! हे वाचून मी थबकलो. हायब्रिडमध्ये इंजिनही असतं आणि मोटरही, म्हणजे माझ्या गुणाकाराने ती जास्त बिघडायला हवी. मग खोलात शिरलो. टोयोटाच्या पद्धतीच्या हायब्रिडमध्ये नेहमीचा स्टार्टर नसतो, अल्टरनेटर नसतो, क्लच नसतो. ती कामं मोटरच करते. बरेच झिजणारे भाग कमीच झाले. आणि हे तंत्र १९९७ पासून रस्त्यावर आहे, अढीत चांगलं पिकलेलं.

मग मी एक कागद घेतला आणि मधोमध रेघ मारली. डावीकडे जीव वाचवणाऱ्या गोष्टी: स्वतः लागणारा ब्रेक, एअरबॅग, चांगले दिवे. ह्या कितीही नव्या असोत, हव्यातच. उसाची ट्रॉली मी विसरू शकत नाही. आणि बहुधा हा ब्रेक नापास झाला तर धोक्याचा दिवा लागतो, गाडी चालत राहते, पूर्वीसारखी तुमच्या पायावर. उजवीकडे लाड करणाऱ्या गोष्टी: हवेची सस्पेन्शन, हँडल आत ओढून घेणारी दारं, तीन-तीन पडदे. ह्या शोरूममध्ये सुंदर आणि सहाव्या वर्षी महाग. एखाद्याला परवडतात, हौस आहे, शहरात दुसरी गाडी आहे, त्याने जरूर घ्याव्यात. पुण्या-मुंबईच्या उद्योजकाची गाडी तीन वर्षांनी बदलते, त्याला सहावं वर्ष दिसतच नाही. दादाची गाडी दहा वर्षं चालायची आहे. त्याच्या मागे पुन्हा जमीन विकून पैसे येणार नाहीत.

कागद घेऊन मी बिडकीनला गेलो. दादा, वहिनी, दादाचा मुलगा, सगळे बसलो. मुलाला विजेची हवी होती. दादाचं मन अजूनही उंच एसयूव्हीवर, "लोकांना काय वाटेल, खाली उतरलो म्हणतील." मी गुणाकार समजावत होतो. तासभर हे चाललं. मामी कोपऱ्यात लसूण सोलत होती. मध्येच म्हणाली, "मला ईचारा की कुनीतरी."

आम्ही गप्प.

"ती गाडी लई उंच हाय. जाताना चढते कशीबशी. येताना पायात जीव नसतो रं माझ्या. डायवर काखेत हात घालून उचलतो मला. परक्या मानसानं उचलावं, मला लाज वाटती. म्हून मी दुपारी पानी पन पीत नाही, मधी कुटं उतराया लागू नये म्हून."

चार वर्षं तिच्यासमोर आम्ही गाडीबद्दल बोलत होतो. त्यात बसणाऱ्या माणसाला एकदाही विचारलं नव्हतं. माझ्या कारखान्यात ग्राहकाला न विचारता भाग बनवला असता तर माझीच नोकरी गेली असती.

पुढच्या रविवारी मामीला घेऊन शहरात गेलो. चार शोरूम, सात गाड्या. पोरगा पडदे बघत होता, दादा बोनेटची उंची, मी सेन्सरची यादी. मामी मात्र प्रत्येक गाडीत आधी पाठ टेकवून बसायची, मग पाय आत घ्यायची, मग स्वतःची स्वतः उतरून दाखवायची. दोन उंच गाड्यांना तिने दारातूनच नकार दिला. एका हायब्रिडमध्ये ती हाताचा आधार न घेता बसली, उतरली, पुन्हा बसली. म्हणाली, "ही क्वालिससारखी हाय." तशी ती मुळीच नव्हती, पण तिला काय म्हणायचं होतं ते दादाला कळलं. तो शोरूमच्या काचेतून बाहेर बघत बराच वेळ उभा राहिला.

तीच बुक केली आहे. भारी गाड्यांच्या यादीत ती बसत नाही, किंमत निम्म्याहून कमी. स्वतः लागणारा ब्रेक आहे, वायपरला बटण आहे, हवेचे फुगे नाहीत. जुन्या गाडीला जो भाव सांगितला जातोय तो इथे लिहिण्यासारखा नाही, दादाने मला तो सांगताना कपाळावर हात मारला, पण ओरडला नाही. मी म्हटलं, "चूक माझी होती." तो म्हणाला, "ट्रॉलीच्या रात्री पण तुझीच होती का?" ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

एक गंमत राहिली. जुलै २०२४ मध्ये टोयोटाने आपल्याकडे सुमारे २० हजार कोटींच्या, हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांच्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी करार केला. जागा बिडकीनच्या ऑरिकमधली. मामाची मोसंबी होती त्याच पट्ट्यात. दादा हसत म्हणाला, "पुढची गाडी आपल्याच वावरातून येईल मग." मामी हसली नाही. लसणाच्या पाकळ्या परडीत टाकत म्हणाली, "येऊ दे. पायरी खाली ठिवा म्हनावं."

असो. गाडी आली की कळवतोच. तुमच्यापैकी कुणी घरच्या वयस्क माणसासाठी गाडी बघत असाल तर आधी त्यांना बसवून, आणि मुख्य म्हणजे उतरवून बघा. आणि दवाखान्याची फेरी असेल तर वाळूजच्या ह्या क्वालिटीवाल्याला न विचारलेलंच बरं :-)